‘लढून काय भेटलं?’ हा घ्या हिशेब



सध्या एक प्रश्न फार फिरतोय. चाकणच्या चौकात चहाच्या टपरीवर फिरतोय, भोसरीच्या मजूर अड्ड्यावर फिरतोय, वाड्याच्या बाजारात फिरतोय. आता तर आपल्या वस्तीवरच्या बैठकीतही येऊन बसलाय. “एवढं लढून काय भेटलं? कंपन्या यायच्या त्या आल्याच. धरणं व्हायची ती झालीच. तुमच्या मोर्चानं कुणाचं काय अडलं?”

हा प्रश्न तीन जण विचारतात. पहिला जमिनीचा एजंट. पांढऱ्या गाडीतून येतो, बांधावर उभा राहतो, मोबाईलवर नकाशा दाखवतो. त्याला उत्तर नको असतं, अंगठा हवा असतो. आपण थकलो की त्याचा भाव उतरतो, म्हणून तो आपल्याला थकल्याची आठवण करून देतो. दुसरा पुढारी. ९ ऑगस्टला आदिवासी दिनाचा फ्लेक्स लावतो, गळ्यात पिवळं उपरणं घालून नाचतो आणि १० ऑगस्टला त्याच एजंटाच्या गाडीत बसतो. या दोघांना उत्तर द्यायला आमच्याकडे कागदही नाही आणि शाईही नाही.

तिसरा आपलाच पोरगा आहे. चाकणला ठेकेदाराकडे बारा तास उभा राहतो. सात महिने झाले की ‘ब्रेक’ म्हणून घरी येतो. त्याच्या आजाने जमीन धरणात घालवली, बापाने मोर्चे काढले आणि तो गाडीचे भाग पुसतोय. तो विचारतो तेव्हा त्यात कुचेष्टा नसते, दुखणं असतं. त्याला उत्तर द्यायला आम्ही बांधील आहोत. हा हिशेब त्याच्यासाठी.

आधी हरलेलं लिहू

हिशेब खरा हवा, म्हणून सुरुवात हरण्यापासून.

१९२१ साली मुळशी पेट्यात टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह उभा राहिला. सेनापती बापट तुरुंगात गेले. बायामाणसं लेकरांसह कामाच्या जागेवर जाऊन बसली. लढा १९२४ पर्यंत चालला आणि मोडला. धरण झालं, गावं बुडाली.

का मोडला? इंग्रज सरकारची लाठी होतीच. पण त्याहून मोठं कारण आतलं होतं. जमीन कसणारे एक आणि कागदावरचे मालक दुसरे, अशी तिथली पुष्कळ जमीन होती. मालकी सावकारांकडे आणि जमीनदारांकडे गेलेली. मोबदल्याचा पैसा दिसला तसे कागदवाले बाजूला झाले. ज्यांचा घाम त्या मातीत होता त्यांचं नाव कुठे लिहिलेलंच नव्हतं.

आता सांगा, मुळशी फुकट गेली का? आमच्या मते नाही. ‘कसणाऱ्याचं नाव कागदावर नसेल तर त्याचं रक्तही मोजलं जात नाही’ हा धडा शंभर वर्षांपूर्वी आपल्याच डोंगरात शिकवला गेला. पुढच्या प्रत्येक लढ्याने तो गिरवला. जिथे गिरवला तिथे काहीतरी हाती लागलं.

आता मिळालेलं लिहू

एक. २३ मे १९४५ ला तलासरीजवळ झरी गावात वारली जमले आणि म्हणाले, आता वेठबिगार करणार नाही. शामराव आणि गोदूताई परुळेकर त्यांच्यासोबत होते. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, माणसं मेली. पण वेठ गेली. आज तुझ्याकडून कुणी फुकट नांगर धरून घेत नाही, पोरा. ते आपोआप थांबलेलं नाही.

दोन. १९७० नंतर शहाद्याकडे आणि पालघरकडे आदिवासी सावकाराने गिळलेल्या शेतात उभे राहिले. आमचं पीक आहे, आम्ही कापणार म्हणाले. त्या रेट्यातून १९७४ साली कायदा आला. जमीन महसूल संहितेत कलम ३६-अ बसलं. त्यामुळे आदिवासीची जमीन कलेक्टर आणि सरकार यांच्या मंजुरीशिवाय बिगर-आदिवासीला विकता येत नाही. शिवाय १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनी परत मिळवण्याची वाट उघडली. चाकणचा एजंट आज मंजुरीच्या गोष्टी करतो, मागच्या दाराने साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र मागतो, ते या कलमाच्या भीतीने. तो ज्याला घाबरतो ते कलम कुणी आणलं? ‘लढून काय भेटलं’ विचारणाऱ्याने त्या एजंटालाच विचारावं.

तीन. धरणग्रस्तांनी ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ असं म्हणत सरकारच्या दारात धरणी धरली. म्हणून १९७६ साली महाराष्ट्राला पुनर्वसनाचा कायदा करावा लागला. तो नीट पाळला जात नाही हे खरं. पवनेच्या धरणग्रस्तांची शेकडो कुटुंबं पन्नास वर्षांनंतरही जमीन मागतायत. पण त्यांची मागणी आज ‘दया करा’ अशी नाही, ‘कायद्याने द्या’ अशी आहे. हा फरक लहान नाही.

चार. डिंभ्याचं धरण झालं आणि आंबेगावच्या महादेव कोळ्यांची भाताची खाचरं पाण्याखाली गेली. माणसं पुण्या-मुंबईला न पळता काठावरच राहिली. पाणी उतरलं की उघडी पडणारी गाळपेराची जमीन आमची, असं म्हणाली. धरणातल्या मासेमारीवर पहिला हक्क आमचा, असंही म्हणाली. दोन्ही मिळवलं, मच्छीमार संस्था उभी केली. बुडालेल्या माणसाने बुडवणाऱ्या पाण्यावरच जाळं टाकलं. त्या कामाला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. पारितोषिक जाऊ द्या, ताटात मासा आला हे महत्त्वाचं.

पाच. ९ ऑगस्ट २०११. पवना धरणातून निगडीपर्यंत सुमारे ३४ किलोमीटर बंद नळाने पाणी न्यायचं ठरलं होतं. नदी कोरडी पडेल, उपसा बंद होईल, म्हणून मावळ बऊरला द्रुतगती मार्गावर उतरला. पोलिसांनी गोळ्या घातल्या. कांताबाई ठाकर, मोरेश्वर साठे, श्यामराव तुपे गेले. त्यानंतर ते काम थांबलं आणि बारा वर्षं थांबून राहिलं. या तिघांना आमचा सलाम.

सहा. चाकण-खेड भागात विमानतळ होणार म्हणून मोजणीच्या बातम्या यायच्या. गावं ठाम राहिली, जमीन देणार नाही म्हणाली. अखेर २०१६ साली सरकारने पुरंदरचं नाव जाहीर केलं. इथे आम्ही टाळी वाजवत नाही. आपल्या मानेवरचा दगड पुरंदरच्या मानेवर पडला आहे. तिथला अंजिराच्या आणि सीताफळाच्या बागेतला शेतकरी आपला भाऊ आहे. जिंकल्यावर शेजारी विसरणारा पुढच्या खेपेला एकटा सापडतो.

सात. वनहक्क कायदा. इंग्रजांनी १८७८ साली जंगल बंद केलं आणि आपल्याला आपल्याच रानात चोर केलं. २००६ च्या कायद्याने पहिल्यांदा लिहिलं की हा ऐतिहासिक अन्याय होता. एवढं एक वाक्य सरकारकडून लिहून घ्यायला सव्वाशे वर्षं लागली. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने २००९ साली १८०० हेक्टरांवर जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला. तरी वनखातं बांबूच्या वाहतुकीचा परवाना देईना. ते अडून बसले. एप्रिल २०११ मध्ये केंद्राचे मंत्री गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात द्यावं लागलं. ज्या बांबूच्या काठीसाठी गार्ड दंड घ्यायचा, त्याच बांबूचा लिलाव गाव करू लागलं.

आठ. मार्च २०१८. नाशिकहून मुंबईपर्यंत १८० किलोमीटर शेतकरी चालले. बहुतेक आदिवासी, निम्म्यांच्या पायात धड चप्पल नाही. मुंबईत शिरल्यावर दहावीच्या पोरांच्या परीक्षेला त्रास नको म्हणून रात्रीतून चालून आझाद मैदान गाठलं. मंत्र्यांनी सहा महिन्यांत दावे निकाली काढू असं लिहून दिलं. पुढच्या वर्षी १३ फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टाने दावे फेटाळलेल्यांना जंगलातून काढण्याचा आदेश दिला. देशभर आदिवासी उठले आणि पंधरा दिवसांत, २८ फेब्रुवारीला, कोर्टाने स्वतःच तो आदेश थांबवला. तो आदेश चालला असता तर आज हे पत्रक वाचायला आपल्यातले किती जण वाडीत असते?

आणि नववं, अगदी घरचं. जून २०२० मध्ये निसर्ग वादळाने जुन्नर-आंबेगावचा हिरडा झोडपला. पंचनामे झाले, भरपाई अडली, कारण हिरडा म्हणे पीकच नाही. ज्याच्यावर आपल्या घरातलं मीठ-मिरची, पोरांची वह्या-पुस्तकं चालतात ते पीक नाही! मोर्चे झाले, उपोषणं झाली, मग सरकारला भरपाई मंजूर करावी लागली.

हा झाला जमेचा बाजू. पोरा, हे कमी आहे का?

जिंकलेलं गळतं कसं

पण एजंटाच्या बोलण्यात एक खोच खरी आहे आणि ती आम्ही झाकणार नाही. मिळालेलं टिकत नाही. छपराच्या पेंढ्यासारखं आहे. एकदा शाकारलं म्हणून जन्माचं होत नाही, दर पावसाआधी हात फिरवावा लागतो.

पवनेचंच बघा. २०११ ला मिळाली ती स्थगिती. स्थगिती म्हणजे थांबा, रद्द नव्हे. दर ९ ऑगस्टला हार घातले गेले, भाषणं झाली आणि फायलीतला प्रकल्प जिवंत राहिला. २०२३ साली सरकारने स्थगिती उठवली. तीन माणसांच्या जिवाने थांबलेलं काम एका सहीने परत चालू करता येतं, हे त्या दिवशी दिसलं. ज्या पक्षांचे लोक हुतात्म्यांच्या फोटोपुढे डोळे पुसत होते, त्या सगळ्यांनी मधल्या काळात सत्ता भोगली. एकालाही प्रकल्प रद्द केल्याचा कागद काढता आला नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, फोटोला घातलेला हार तिसऱ्या दिवशी सुकतो. हुतात्म्यांची आठवण ठेवायची तर त्यांचं अपुरं काम हातात घ्यायचं. डीजे लावून आदिवासी दिन साजरा करणाऱ्यांना आमचं विचारणं आहे: तुमच्या गावात वनहक्क समिती आहे का? तिची शेवटची बैठक कधी झाली? समितीत बायका किती? सांगता येत नसेल तर आवाज कमी करा.

तसंच वनपट्ट्याचं. पट्टा मिळाला, फोटो काढला, कागद पेटीत गेला. सातबाऱ्यावर नोंद नाही, बायकोचं नाव नाही, मोजणीत दोन एकराचे वीस गुंठे झालेले. पेटीतला पट्टा म्हणजे मुळशीचा कूळ. कसतोय, पण मोजला जात नाही.

आणि वाटाघाटीवर भरवसा ठेवून शांत बसलेल्यांचं काय झालं तेही लिहून ठेवा. पिंपरी-चिंचवडला १९७२ साली प्राधिकरण आलं, आकुर्डी-निगडी-भोसरीच्या शेतकऱ्यांची रानं गेली. साडेबारा टक्के परत देण्याचा शब्द होता. सुरुवातीच्या वर्षांत जमिनी दिलेल्यांची दुसरी पिढी म्हातारी झाली तरी ते परताव्याच्या खेपा घालत होते. खेडच्या सेझमध्ये पंधरा टक्क्यांचा शब्द होता, तिथेही शेतकऱ्यांना वर्षानुवर्षं आंदोलनं करावी लागली. जमीन एका दिवसात जाते. शब्द पाळायला त्यांना जन्म पुरत नाही.

शहराशी आमचं वैर नाही

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण हे लोक गाव आणि शहर एकमेकांच्या अंगावर घालतात. पिंपरीतल्या चाळीतला, चिखलीतल्या पत्र्याच्या खोलीतला माणूस आमचा वैरी नाही. तोही कुठल्या तरी धरणाने, कुठल्या तरी दुष्काळाने हाकललेला आहे. आमचीच पोरं तिथे भाड्याने राहतात. त्याला पाणी मिळालंच पाहिजे. पण पाणी द्यायला नदी मारायची गरज नाही. नदीतून सोडलेलं पाणी वाटेतली गावंही पितात, रानंही पितात आणि शहरही पितं. आधी पवना, आंद्रा, भामा-आसखेडच्या विस्थापितांना जमीन द्या, मग पाण्याच्या वाटपाचं बोला. ज्याच्या उंबऱ्यावरून पाणी गेलं त्याच्या घरात हंडा रिकामा, हे चालणार नाही.

आणि कामगार साथी, तुलाही सांगतो. आठ तासांची पाळी, प्रॉव्हिडंट फंड, भरपगारी रजा, हेही कुणी दान दिलेलं नाही. पिंपरीच्या कामगारांनी संप करून ते टिकवलं होतं. आज ठेकेदार ते तुझ्याकडून काढून घेतोय, कारण तुला वाटतं लढून काही होत नाही. वाडीतला पट्टा आणि कंपनीतली पक्की नोकरी या एकाच वेलीच्या दोन शेंगा आहेत.

कातकरी साथींबद्दल वेगळं बोलायलाच हवं. मावळ-मुळशी-खेडात त्यांच्या कितीतरी वस्त्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर आहेत. घराखालची जमीन त्यांची नाही. मालकाने प्लॉटिंग काढलं की आख्खी वस्ती उठते आणि वीटभट्टीवर जाते. या हिशेबात त्यांच्या वाट्याची जमा सगळ्यात कमी आहे. म्हणून पुढच्या वर्षाचं पहिलं काम त्यांच्या घराखालच्या जमिनीचं.

आता काय करायचं

वर जे नऊ लढे लिहिले, ते ज्यांनी जिंकले त्यांनी चार गोष्टी केल्या. जागा सोडली नाही. कागद केला. बायका पुढे होत्या. आणि आश्वासन मिळाल्यावर घरी गेले नाहीत. आपणही तेच करायचं आहे.

दर वाडीने स्वतःची ग्रामसभा घ्यावी. पंचायतीच्या मोठ्या गावात जाऊन मागे बसायची गरज नाही. वनहक्क कायद्यात पारंपरिक वस्तीही गाव धरली आहे. मावळ आणि खेड अनुसूचित क्षेत्रात नाहीत, म्हणून तुम्हाला हा हक्क नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पेसा आंबेगाव-जुन्नरच्या ठरलेल्या गावांना आहे, पण वनहक्क कायदा सगळीकडे आहे. सभेला निम्मी माणसं हवीत आणि त्यात एक तृतीयांश बायका हव्यात.

दावा फेटाळला असेल तर कारण लेखी मागा. तोंडी ‘नामंजूर’ चालत नाही. साठ दिवसांत उपविभागीय समितीकडे अपील करा, तिथून जिल्हा समितीकडे. पुरावा नाही म्हणाले तर म्हाताऱ्या माणसाचा जबाब लिहून द्या, कायद्यात तो पुरावा आहे. जुना बांध, देवाची जागा, पुरलेल्या माणसांची जागा, हेही दाखवा. नुसता उपग्रहाचा फोटो दाखवून दावा नाकारता येत नाही. आणि दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कुणालाही जमिनीवरून काढता येत नाही, हे कलम ४(५) पाठ करून ठेवा. गार्डापुढे तेच म्हणायचं.

पट्टे पेटीतून काढा. नवरा-बायको दोघांची नावं आहेत का बघा, सातबाऱ्याची नोंद मागा. पट्ट्याची जमीन वारसाला जाते, पण विकता येत नाही. तिच्यावर साठेखत करणारा एजंट तुम्हाला फसवतोय. त्याला चहा पाजू नका.

सामूहिक हक्काचे दावे टाका. हिरडा, बाळहिरडा, गवत, बांबू, मध, देवराई, पाणवठा, सगळं लिहा. भीमाशंकर अभयारण्यातली गावंही दावा करू शकतात, १९८५ च्या अधिसूचनेने हक्क मेलेला नाही.

एमआयडीसीची नोटीस आली तर ती एकट्याने घेऊन घरात ठेवू नका. त्याच दिवशी सभा, त्याच आठवड्यात लेखी हरकत, पोच घेऊन.

हे सगळं करायला एका वाडीत पाच माणसं पुरतात. लिहिणारा एक पोरगा, बोलणारी एक बाई, आठवण असलेला एक म्हातारा, तहसीलला खेपा घालणारा एक चिवट गडी आणि सगळ्यांना बोलावून आणणारी एक पोरगी. त्या पाच जणांची नावं पुढच्या बैठकीला लिहून आणा.

जमेच्या बाजूला नऊ ओळी झाल्या. दहावी ओळ लिहायची जागा आम्ही मोकळी ठेवली आहे. ती एजंट भरणार नाही, पुढारीही भरणार नाही.

जमीन आमच्या हक्काची, नाही कुणाच्या बापाची!
बऊरच्या हुतात्म्यांना लाल सलाम!
लढेंगे, जीतेंगे!

(वाचून झाल्यावर अंक शेजारच्या वाडीला द्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मोठ्याने वाचून दाखवा.)